पहिली मराठी कादंबरी म्हणून मित्रांना कोणती सुचवावी?

दांडियाबाजारची वाचक

नमस्कार. मी बडोद्यात बारावीत शिकते. आमच्या घरी तीन पिढ्यांपासून मराठीच बोलली जाते, पण माझी शाळा पहिलीपासून गुजराती माध्यमाची असल्यामुळे मराठी हा विषय मी कधी शिकले नाही. देवनागरी वाचता येते ती हिंदीच्या तासांमुळे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीच्या कपाटातून मिलिंद बोकील यांची 'शाळा' काढली आणि पहिली दहा पाने वाचायला मला अख्खी दुपार लागली. शब्द रोज कानावर पडणारेच होते, पण कागदावर ते चटकन ओळखू येत नव्हते. गुजराती अक्षरांवर शिरोरेषा नसते. सुटी सुटी अक्षरे पाहायला सरावलेल्या डोळ्यांना मराठीची ओळ एकसंध दोरीसारखी दिसत होती, आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला तो अर्धा र तर मी पहिल्यांदाच नीट न्याहाळत होते.

चाळिसेक पानांनंतर मात्र अक्षरांकडे लक्ष जाणे थांबले. नववीतला मुकुंद जोशी, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत जाऊन बसणारे त्याचे मित्र, त्याच्या मनातली शिरोडकर आणि या सगळ्याभोवती १९७५ ची आणीबाणी, यातले काहीच माझ्या ओळखीचे नव्हते. तरी त्या मुलाची वर्गातली धडधड मला माझीच वाटली. तीन आठवड्यांत पुस्तक संपले आणि ते कोणाला तरी सांगावे, असे फार वाटू लागले.

आता मुद्द्यावर येते. आम्ही आठ जण दर रविवारी सकाळी कमाटीबागेत भेटतो. पाच जण मराठी घरांतले पण गुजराती माध्यमात शिकलेले, दोघे इंग्रजी माध्यमातले, आणि एक गुजराती मैत्रीण, जी शेजाऱ्यांमुळे मराठी उत्तम बोलते. प्रत्येकाने एक मराठी कादंबरी वाचून ती इतरांना सांगायची, असे आम्ही ठरवले आहे. मोठ्या माणसांना विचारले, तेव्हा प्रत्येकाने जवळजवळ तीच आठ-दहा नावे सांगितली आणि "ही वाचायलाच हवीत" असे बजावले. ती नावे मोठी आहेत यात शंका नाही, पण "वाचायलाच हवीत" एवढ्या सांगण्यावर आमच्यापैकी एकानेही पुस्तक उघडले नाही. म्हणून हा प्रश्न मी आपल्या वयाच्या वाचकांना विचारते आहे. तुम्ही कोणती कादंबरी कोणत्या वयात वाचलीत, ती कोणत्या मित्राला किंवा मैत्रिणीला दिलीत, आणि मुख्य म्हणजे त्यांनी ती पुरी केली का? कादंबरी मूळ मराठीतलीच हवी, एवढीच अट आहे.

सूरसागरकाठी

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमचा शेवटचा प्रश्न मला फार योग्य वाटला, कारण पुस्तक आवडणे वेगळे आणि ते दुसऱ्याच्या हाती देऊन त्याच्याकडून पुरे होणे वेगळे. मी निःशंकपणे प्रभाकर पेंढारकर यांच्या 'रारंग ढांग'चे नाव घेईन. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी ती दोन रात्रींत वाचली आणि तेव्हापासून चार मित्रांना दिली. तिघांनी पुरी केली. चौथ्याने निम्म्यावर ठेवली, पण परीक्षा संपल्यावर स्वतःहून मागून नेली.

विश्वनाथ हा तरुण इंजिनिअर मुंबईतली नोकरी सोडून हिमालयात सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या लष्करी दलात दाखल होतो. एका बाजूला सरळसोट कडा, खाली खोल दरीत नदी, आणि त्या कड्याला खोदून रस्ता काढायचा आहे. लष्कराची शिस्त हुकमावर चालते आणि विश्वनाथ प्रत्येक हुकमाचे कारण विचारतो. कादंबरीतला सगळा ताण इथून सुरू होतो आणि प्रकरण लष्करी न्यायालयापर्यंत जाते. पुढचे मी सांगणार नाही.

ही कादंबरी आमच्या वयाला का भिडते, याचा मी बराच विचार केला आहे. कॉलेजात आम्ही भिंतीची जाडी, दगडाचा उतार, भाराचे गणित शिकतो, पण त्या भिंतीखाली काम करणारा माणूस आमच्या वहीत कुठेच नसतो. या पुस्तकात तो आहे. पहिल्यांदा वाचताना एका प्रसंगानंतर मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन उभा राहिलो. भाषाही सरळ आहे, वाक्ये छोटी आहेत आणि लष्करातले पुष्कळ शब्द आपल्या कानांवरून आधीच गेलेले असतात. इंग्रजी माध्यमातल्या तुमच्या दोन मित्रांना याच पुस्तकाने सुरुवात करू द्या.

फतेगंजची शिक्षिका होऊ पाहणारी

मी सध्या बी.एड. करते आहे. माझी शिफारस व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ची आहे. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी मी अठराव्या वर्षी वाचली. राजाराम नावाचा तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या एका लहानशा वस्तीवर शाळा चालवायला जातो. मुले मेंढरांमागे रानात गेलेली असतात आणि शाळा म्हणजे काय हे त्या वस्तीला ठाऊक नसते. घरोघरी जाऊन मुले गोळा करणारा, गावकऱ्यांच्या भांडणांत सापडणारा आणि गावाकडून तालीम बांधवून घेण्याचे स्वप्न पाहणारा हा मास्तर वयाने आपल्यापेक्षा फार मोठा नाही. परक्या गावी पहिल्यांदा जबाबदारी अंगावर पडली की माणसाला कसे वाटते, हे मला या पुस्तकातून जितके कळले तितके अभ्यासक्रमातल्या एकाही पुस्तकातून कळले नाही.

तुम्ही विचारले आहे, म्हणून खरे तेच सांगते. मी हे पुस्तक सोळा वर्षांच्या धाकट्या भावाला दिले आणि त्याने ते पंधराव्या-सोळाव्या पानावर सोडले. निवेदन त्याला समजत होते, पण माणसे बोलू लागली की तो अडखळत होता, कारण माणदेशी बोली त्याने जन्मात ऐकली नव्हती. त्याचे पुस्तक पाहिले, तर समासात पेन्सिलीने एकाखाली एक प्रश्नचिन्हे काढलेली होती. मग रोज रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघे अंगणात बसू लागलो. मी संवाद मोठ्याने वाचायचे आणि मधली वर्णने तो वाचायचा. तीन-चार दिवसांत तो संवादही स्वतः म्हणू लागला, कारण कागदावर अनोळखी वाटणारा शब्द तोंडाने उच्चारला की अर्ध्याहून अधिक वेळा कळतो. उरलेले शब्द आईला विचारले. तिचे माहेर साताऱ्याकडचे आहे. पुस्तक सव्वा महिन्यात पुरे झाले आणि शेवटची दहा पाने त्याने मला वाचू दिली नाहीत, स्वतःच वाचली.

म्हणून माझे सांगणे असे की, 'बनगरवाडी' एकट्याच्या हातात देऊ नका. तुम्ही आठ जण एकत्र जमता, तेव्हा बागेत बसून ती मोठ्याने वाचा.

रावपुऱ्याचा कर्ण

वरच्या दोन्ही शिफारशींचा आदर राखून मी थोडे वेगळे मत मांडतो. पहिली कादंबरी छोटी आणि सोप्या बोलीतली असावी, असे सगळे गृहीत धरतात. आपण बडोद्यात आहोत हे लक्षात घेतले, तर हे गृहीतक तपासून पाहावे लागते. महाराष्ट्रात वाढलेल्या मुलाला ग्रामीण बोली सोपी आणि संस्कृतप्रचुर मराठी अवघड वाटत असेल. गुजराती आणि हिंदी शाळेत शिकलेल्या मुलाचे नेमके उलटे होते. 'तेज', 'प्रतिज्ञा', 'अपमान', 'अश्व', 'सारथी', 'कवच' हे शब्द त्याला गुजरातीतूनही येतात आणि हिंदीतूनही येतात. उलट खेड्यातल्या घरात सहज बोलला जाणारा शब्द त्याला कुठल्याच शाळेने शिकवलेला नसतो. आणि जे शब्द दोन्ही भाषांत सारखे दिसतात त्यांचीही हमी नाही. माझ्या गुजराती मित्राने 'नवरा' हा शब्द प्रथम वाचला तेव्हा त्याचा अर्थ त्याने रिकामटेकडा असा लावला, कारण गुजरातीत 'नवरो' म्हणजे ज्याला काही काम नाही तो.

म्हणून मी शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'चे नाव घेतो. ही कादंबरी १९६७ साली आली. ती जाड आहे, हे मी मान्य करतो. पण ती कर्णाची गोष्ट एकाच माणसाच्या तोंडून सांगत नाही. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण आपापली बाजू सांगतात. त्यामुळे एका मोठ्या ग्रंथाऐवजी आपण एकामागून एक छोटे ग्रंथ वाचत आहोत, असे वाटते. कथा सर्वांना माहीत असते, म्हणून एखादा परिच्छेद कळला नाही तरी वाट चुकत नाही. मी सतराव्या वर्षी ती वाचली आणि वर सांगितलेल्या मित्राला दिली. त्याला चार महिने लागले, पण त्याने ती पूर्ण वाचली, आणि तिचा गुजराती अनुवाद उपलब्ध असताना मूळ मराठीतून वाचली याचा त्याला आजही अभिमान आहे. कुंतीच्या भागात तो फार रमला होता. रोज संध्याकाळी न्यायमंदिराजवळ भेटलो की आधी कुंतीविषयी बोलणे होई आणि मग बाकीचे विषय निघत.

तुमच्या गुजराती मैत्रिणीला ही कादंबरी जरूर द्या.

फतेगंजची शिक्षिका होऊ पाहणारी

भाषेविषयीचा तुमचा मुद्दा मला पटला, आणि माझ्या भावाच्या समासातली प्रश्नचिन्हे तुमच्याच बाजूने साक्ष देतात. तरी एक शंका मांडते. ओळखीच्या संस्कृत शब्दांवरून वाचक पुढे सरकतो हे खरे, पण त्यामुळे घरात बोलली जाणारी मराठी त्याला पुस्तकात भेटत नाही. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना 'शाळा' आपली वाटली, कारण ती मुले घरातल्यासारखी बोलतात. आपल्यापैकी पुष्कळांनी मराठी ऐकली आहे पण छापलेली पाहिली नाही. आजी ज्या शब्दाने हाक मारते तो शब्द पहिल्यांदा पानावर दिसतो, तेव्हा काय वाटते हे मी शब्दांत सांगू शकत नाही, पण ते 'मृत्युंजय'मध्ये घडणार नाही असे मला वाटते.

रावपुऱ्याचा कर्ण

हे मी नाकारत नाही. माझे म्हणणे पहिल्या पुस्तकापुरतेच होते. दुसरे पुस्तक तुमचे घ्यावे.

कला शाखेची विद्यार्थिनी

मी इथे विद्यापीठात साहित्य शिकते आणि मला एक सावधगिरीची सूचना करायची आहे: छोटी कादंबरी म्हणजे सोपी कादंबरी, असे समजू नका. पु. शि. रेगे यांची 'सावित्री' हातात घेतली तर एका बैठकीत संपेल एवढीच आहे. ती संपूर्ण पत्रांतून लिहिलेली आहे, आणि पत्रे फक्त सावित्रीची आहेत. ज्याला ती लिहिते आहे त्याचे एकही पत्र आपल्याला वाचायला मिळत नाही. त्यामुळे समोरचा काय म्हणाला असेल, हे प्रत्येक पानावर आपणच मनात भरून काढावे लागते. मी ती सतराव्या वर्षी वाचली तेव्हा मला ती रिकामी वाटली, आणि एकविसाव्या वर्षी वाचली तेव्हा मी दोन दिवस दुसरे काही वाचू शकले नाही. सतरा वर्षांच्या मैत्रिणीला मी ती दिली होती. तिने वाचून परत केली आणि "छान आहे" एवढेच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की मी घाई केली.

त्याऐवजी मी विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' सुचवेन. ती १९३९ सालची आहे, म्हणजे दुसरे महायुद्ध पेटले त्याच वर्षाची. युरोपातून परतणारा एक मराठी तरुण आणि जर्मनीतून जीव वाचवून निघालेली हॅर्टा नावाची ज्यू तरुणी यांची बोटीवर भेट होते. त्यांच्याजवळ बोट किनाऱ्याला लागेपर्यंतचाच वेळ आहे. एवढ्या थोड्या दिवसांत प्रेम, द्वेष, वंशाचा अहंकार आणि युद्धाची सावली हे सगळे त्या डेकवर येते. इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेली गोष्ट इथे एका मुलीच्या चेहऱ्याने समोर उभी राहते. मी ती तीन जणींना दिली. तिघींनी पुरी केली आणि तिघींनीही शेवटाविषयी माझ्याशी वाद घातला. तुमच्या मंडळात अशी वाद घालावासा वाटणारी कादंबरी एक तरी असावी.

मांडवीचा जुना वाचनालयवाला

मी इतरांपेक्षा थोडा मोठा, सव्वीस वर्षांचा आहे, तरी मला इथे बोलू द्याल अशी आशा आहे. आतापर्यंत सुचवलेली पुस्तके सर्वांनी विकत घ्यावीत असे नाही. आपल्या शहरात मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी आहे आणि तिथे मराठी पुस्तकांचा मोठा संग्रह आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. लोक वाचायला शिकले तर त्यांना वाचायला पुस्तकेही मिळाली पाहिजेत, या विचाराने त्यांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी करायला लावली. खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या जात, आणि एका गावाची वाचून झाली की पेटी पुढच्या गावी जाई. तुम्ही आठ जण एकमेकांना पुस्तके देऊ पाहता आहात, ती याच शहरातली जुनी पद्धत आहे.

शाळकरी असताना मी पहिल्यांदा तिथे गेलो, तेव्हा पुस्तकांच्या दालनातल्या लोखंडी कपाटांपेक्षा पायांखालच्या काचेच्या फरशीकडेच पाहत राहिलो होतो. वरच्या मजल्यावर कोणी चालले की खाली अंधूक सावली सरकताना दिसायची. मराठी विभागातून पहिल्यांदा मी घेतले ते भा. रा. भागवत यांचे फास्टर फेणेचे पुस्तक. फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा सायकलवरून संकटांच्या मागे जातो आणि "टॉक्" असा आवाज काढतो. तुमच्यापैकी ज्याला वाचनाचा वेग अजून आलेला नाही, त्याने लाज न बाळगता इथून सुरुवात करावी. सतराव्या वर्षी मुलांचे पुस्तक वाचण्यात कमीपणा नाही. मी स्वतः पंधराव्या वर्षी ते वाचत होतो आणि त्यामुळेच पुढे 'पानिपत'सारख्या जाड कादंबरीपर्यंत पोहोचलो.

आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. कादंबरी नव्हे, पण चिमणरावांच्या विनोदी कथा लिहिणारे चिं. वि. जोशी आपल्याच शहरात राहत होते आणि बडोदा कॉलेजात पाली शिकवत होते. कादंबऱ्यांच्या मधल्या एखाद्या रविवारी त्यांची एक कथा वाचा.

दांडियाबाजारची वाचक

सर्वांची मनापासून आभारी आहे. इतक्या नेमकेपणाने कोणी उत्तर देईल असे वाटले नव्हते. लगेच लिहिले नाही, कारण आधी करून पाहायचे होते. आता तीन रविवार झाले आहेत.

इंग्रजी माध्यमातल्या दोघांना 'रारंग ढांग' दिले. एकाने ते पुरे केले. दुसरा अजून त्या कड्यावर आहे आणि रोज संध्याकाळी फोन करून पुढे काय होते ते विचारतो, पण आम्ही कोणी सांगत नाही. गुजराती मैत्रिणीने 'मृत्युंजय'चा कर्णाचा पहिला भाग संपवला. तिला 'नवरा' या शब्दाने अडवले नाही, पण 'शीण' या शब्दापाशी ती थांबली होती. 'रणांगण' मी स्वतः वाचायला घेतली आहे.

'बनगरवाडी' आम्ही सांगितल्याप्रमाणे बागेत मोठ्याने वाचली. पहिल्या रविवारी पाच पानेच झाली. दुसऱ्या रविवारी मी आजीला बरोबर नेले. ती बाकावर बसून ऐकत होती आणि एका संवादापाशी तिने माझ्या मैत्रिणीला थांबवले. "असे नाही म्हणायचे, बाळ," असे म्हणून तिने तेच वाक्य आपल्या तोंडाने म्हणून दाखवले. तिचे लहानपण सांगलीकडच्या एका खेड्यात गेले, हे मला माहीत होते, पण तिला असे बोलताना मी जन्मात ऐकले नव्हते. सगळे गप्प झाले. मग सगळ्यांनी ते वाक्य तिच्यामागून म्हटले. घरी येताना रिक्षात तिने मला कारभाऱ्याविषयी दोन प्रश्न विचारले, ज्यांची उत्तरे अजून आमच्या वाचनात यायची आहेत.

आता अडचण अशी आहे की आमच्याजवळ 'बनगरवाडी'ची एकच प्रत आहे, ती रविवारनंतर आजीकडे राहते, आणि ती आम्हाला पुढचे वाचू देत नाही. बी.एड. करणाऱ्या ताईंना विनंती आहे की, त्यांच्याकडची प्रश्नचिन्हांची प्रत दोन आठवड्यांसाठी मिळेल का? फतेगंजला येऊन मी स्वतः घेऊन जाईन.

फतेगंजची शिक्षिका होऊ पाहणारी

अवश्य. शनिवारी दुपारनंतर मी घरी असते. प्रश्नचिन्हे मात्र पुसू नका, भावाने तसे बजावून सांगितले आहे.